वस्तीची खोटी हजेरी

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची पोस्टिंग नगरला होती. मी नायब सुभेदार, मूळचा अकोले तालुक्यातला. जिल्हा माझाच, पण त्याचा पूर्वेकडचा भाग मला परका होता. आमच्या डोंगरात पाणी धडधडत येतं आणि निघून जातं. शेवगावकडच्या सपाटीवर ते आवाज न करता पसरतं आणि तिथेच बसून राहतं.

त्या वर्षी परतीच्या पावसात वादळ झालं, नदी शेतात शिरली आणि मदतीसाठी आमची कॉलम, म्हणजे तुकडी, निघाली. चाळीस जवान, दोन बोटी, वर कॅप्टन साहेब. सकाळी साडेसातला नदीकाठच्या एका गावात पोहोचलो. संध्याकाळी पाचपर्यंत खालच्या वस्तीवरची माणसं चर्चच्या आवारातल्या शाळेत आणली. हजेरी मी स्वतः घेतली. नाव वाचलं की माणूस हात वर करायचा. बासष्ट नावं, बासष्ट हात. मी रेडिओवर कळवलं, "वस्ती रिकामी. मागे कोणी नाही."

नंतरचं काम ठरलेलं होतं. सहाला चहा, आठला नाश्ता, एकला लंगर, म्हणजे दुपारचं जेवण. गावातल्या बायका भाकरी थापायच्या, आमचा कुक डाळ करायचा. ताडपत्र्या, चादरी, औषधं रांगेत वाटायची.

संशय हा माझा स्वभाव आहे. नोकरीतली दहा वर्षं चेकपोस्टवर गेली. जो माणूस विनाकारण हसायचा त्याची पिशवी मी आधी उघडायचो. बायको म्हणते, तुम्ही तीर्थ घेतानासुद्धा पळी तपासाल. तशात बंद घरांतून सामान चोरीला जातंय, विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेतायत, अशी कुजबुज होती. शाळेतल्या प्रत्येक माणसाकडे मी त्याच नजरेने बघत होतो.

दुसऱ्या दिवशी शांतवन नावाचा शेतकरी नजरेत आला. चाळिशीचा, हडकुळा, खाली मान घालून बोलणारा. आठ भाकरी त्याने फडक्यात बांधल्या आणि पाण्याच्या दिशेने चालू लागला. दोन तासांनी परत आला तो छातीपर्यंत भिजून, रिकाम्या हाताने. चोरांना हाच भाकरी पोहोचवतो, अशी माझी खात्रीच झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी त्याला पाण्याच्या काठावर गाठलं. भाकरी होत्या, दोरखंड होता, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब होती.

"कुठे निघालास?"

"शेताकडं."

"शेत पाण्याखाली आहे."

"मोटार बगाया चाललोय, सायेब."

"काल भाकरी कोणाला दिल्या? मोटारीला?"

त्याने फडक्याची गाठ आवळली. मी त्याला शाळेच्या एका खोलीत बसवलं आणि दाराशी लान्स नाईक संपतला उभं केलं. संपत राहात्याचा. घरची पेरूची बाग. सुटीवरून येताना खोकं भरून पेरू आणायचा आणि सगळ्यात पिकलेला माझ्यापुढे ठेवायचा. तो हळूच म्हणाला, "साहेब, हा चोर वाटत नाही. नुसता घाबरलाय."

"तुला विचारलं? मी सांगेपर्यंत दार सोडायचं नाही."

"जी साहेब."

मग औषधांचा टेम्पो चिखलात रुतला. मी तिकडे गेलो आणि शांतवनला विसरलो. संपतलाही.

दीडला रेडिओवर निरोप आला. वरच्या धरणातून विसर्ग वाढवला होता. दोन तासांत उरलीसुरली वस्तीही पाण्याखाली जाणार होती. मी शाळेत तसं मोठ्याने सांगितलं, माणसं सुरक्षित आहेत म्हणून निवांतपणे सांगितलं. एक बाई किंचाळून पुढे आली. शांतवनची बायको, रूथ.

"सायेब, मामा तिकडंच हायेत!"

"कोण मामा?"

"माजं सासरं. म्हस व्यायला झालीया, तिच्यापाशी ऱ्हायलेत. ह्येच भाकरी घिऊन जात्यात."

"पण हजेरीत त्यांचा हात वर होता!"

शेजारचा एक म्हातारा उठून उभा राहिला. "त्यो हात माजा हुता. माज्या आन दाविदच्या, दोन्ही नावांना मीच वर क्येला. तुमी बोटीत जनावर घेत न्हाई. दाविद मागं ऱ्हायलाय ह्ये फुटलं असतं तर तुमी त्याला वडून आनलं असतं, आन म्हस बुडाली असती. समद्या वस्तीला ठावं हुतं."

 जनावर बोटीत घेत नाही, हे खरंच होतं. तसा आदेश होता आणि पहिल्या दिवशी मीच तो ओरडून सांगितला होता.

एक बोट कामावर होती. दुसरी घेतली. इंजिनवर एक जवान, मी, संपत, आणि वाट दाखवायला शांतवन. कॅप्टन साहेब रेडिओवर म्हणाले, "चाळीस मिनिटं. त्याच्यावर एक मिनिटही नाही."

"सकाळी बांधावरनं चालत ग्येलो असतो," शांतवन एवढंच म्हणाला. "बापाला ट्यूबवर घातलं असतं. आता बांध कुटं हाय त्येच दिसंना." मला त्याच्याकडे बघवलं नाही.

दोन वीसला पोहोचलो. म्हातारा गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, छातीशी सकाळी जन्मलेलं रेडकू.

"आदी ह्येला घ्या. मग मी यीन."

आदेश मला पाठ होता. मी म्हणालो, "घे संपत." संपतने रेडकू उचलून बोटीत ठेवलं, मग म्हाताऱ्याला. म्हैस दाव्याला हिसके देत होती. "साहेब, दावं कापतो. सुटली तर पोहेल." मी मान हलवली. त्याने दावं कापलं, म्हैस बाहेर पडली, आणि मागची भिंत आत संपतवर कोसळली. एक लाट बोटीवर आली. आम्ही हाका मारल्या, गळ टाकला, दोनदा मी पाण्यात उतरलो. रेडिओवर कॅप्टन साहेबांनी तीनदा परत बोलावलं. तीन वाजता बोट वळवली.

संपत दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मिळाला. म्हैस त्याच्या आधीच पोहत काठाला लागली होती. त्या जनावराचा मला आजही राग येतो, आणि आपण एका मुक्या जनावरावर रागावतो याची लाजही वाटते.

चौकशीत मी खरं सांगितलं. शांतवनला दहा वाजता मी अडवलं, साडेतीन तास मी अडकवून ठेवलं. कागदावर मृत्यूचं कारण भिंत कोसळणे असं आहे.

तेराव्याला राहात्याला गेलो. संपतच्या वडिलांना ओसरीवर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझ्या चुकीमुळे उशीर झाला, हेही सांगितलं. ते ओरडतील, हाकलून देतील, याची तयारी ठेवली होती.  त्यांनी फक्त विचारलं,

"त्या दिशी जेवला हुता का त्यो?"

मी म्हणालो, "हो बाबा. पोटभर जेवला होता."

ते "बरं झालं" म्हणाले आणि आत गेले. संपत त्या दिवशी जेवलाच नव्हता. लंगर एकला होता, आणि त्याला मी दारावरून हलवलंच नव्हतं.