राबाचा धूर

भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पाला घालून राब भाजतात. त्याचा वास आला, की मला तिकोणा गडाखालचं ते आंब्याचं झाड आठवतं. सरकारी तलावात जाणाऱ्या जमिनींचा मोबदला वाटायला साहेबांनी त्याच झाडाखाली टेबल मांडलं होतं. मी हंगामी कारकून. काम बिनतक्रार उरकलं, तर कायम करणार होते. डोंगरवाडीतला एक म्हातारा पुढे आला. मी त्याचा अंगठा शाईत दाबून कागदावर उठवला आणि पैसे हातात ठेवले. तो हरखून म्हणाला, "औंदा सरकार लय दयाळू, भाऊसायेब. पीक बुडालं म्हून पैसं दिलं. जमीन आमचीच ऱ्हाती न्हवं?" मागे रांग खोळंबली होती. मी "हो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच्या उतारावरून धूर निघाला. म्हातारा दरसालसारखा राब भाजत होता. "धूर कसला रे?" साहेबांनी विचारलं. "वणवा असेल," मी म्हणालो. पावसाळ्याआधी मी कायम झालो. आज लोणावळ्यात पेन्शन आणायला निघालो, तर कुठूनसा तोच वास आला आणि मी अर्ध्या वाटेतून परत फिरलो. उद्या मात्र जाईन.