झऱ्यावरचा आकडा

"पाणी झऱ्यावरच मोजा भिया, बाटलीत शिरलं की ते शहाण्यासारखं वागायला लागतं," असं चिंतामणराव दिघे लॅबमधल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत.

परदेशीपुऱ्यातल्या गिरणी कारकुनाचा हा मुलगा एकतीस वर्षं पाण्याची आम्लता मोजत आला होता. सिमरोलच्या पुढे घाटात एक झरा उतरतो. वर लोखंड तेजाबाने धुणारी शेड, खाली मंगलाबाईंची अंगणवाडी. त्या पाण्याचा रिपोर्ट विजय नगरच्या लॅबमधून दरमहा जाई. आकडा साडेसहाच्या खाली आला, म्हणजे पाणी आंबट झालं, तर शेडला नोटीस आणि अंगणवाडीला टँकर.

हिवाळ्यात चिंतामणरावांचा गुडघा धरला. तुम्ही कशाला उतरता, मीच भरून आणते, असं मंगलाबाई म्हणाल्या. तीन महिने ते सडकेवर स्कूटरला टेकून उभे राहिले, बाटली घेतली आणि लॅबमध्ये मोजली.

या सोमवारी बाई वर आल्याच नाहीत. चिंतामणराव लंगडत उतरले. तीन मुलं चटईवर निपचित पडली होती. सकाळपासून उलट्या, महिन्यात चौथ्यांदा.

"मी काही कमी करत नाही हो दादा," बाई म्हणाल्या. "पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवते. सेहत के लिए अच्छा ना?"

चिंतामणरावांनी हंडा कलता केला. तळाला हिरवा-निळा थर. आंबट पाणी रात्रभर तांबं खात होतं आणि सकाळी मुलं ते पीत होती. त्यांनी हंडा पालथा घातला, माठ वापरायला सांगितलं आणि झऱ्यात मीटर धरला. पाच पूर्णांक सहा. मीटर धुऊन पुन्हा धरला. तेच. तेच पाणी बाटलीतून लॅबमध्ये पोचलं तेव्हा, वाटेत त्यातला विरघळलेला वायू उडून, सहा पूर्णांक सहा झालं होतं.

"दोन आकड्यांनी क्लायंट कन्फ्यूज होतो, काका," लॅबचा मॅनेजर नीरज म्हणाला. "बाटलीतलाच ठेवू."

मुलं आजारी आहेत, झऱ्यावरचा आकडा गेला नाही तर सही करणार नाही, असं चिंतामणरावांनी सांगितलं. नीरज चिडला नाही. त्याने फाइल ओढून तीन कागद उलटले.

"हे तिन्ही बाटलीतलेच ना? तेव्हा केलीत की सही. आज नका करू, माझी चालते."

तिन्ही कागदांखाली त्यांचंच नाव होतं. वडिलांनी लहानपणी गिरवून घेतलेलं, ठसठशीत, सरळ.

 चिंतामणरावांनी मीटरला टोपण चढवलं, सही न करताच पेन नव्या कागदावर आडवं ठेवलं आणि भिंतीचा आधार घेत ते बाहेर पडले.