यंदा जनीबाईला हाक मारली नाही

परवा भेंडीच्या पहिल्या तोडणीला शेतावर गेलो आणि मान खाली घालून घरी आलो. लिहू की नको, अजून ठरत नव्हतं...

आमचं शेत धसईजवळ. वडिलांच्या काळापासून तोडणीला शेजारच्या वाडीवरची जनीबाई चार बायका घेऊन येते. रीत अशी, की हंगाम आला की मालकानं वाडीवर जायचं, तिच्या अंगणात बसून कोरा चहा प्यायचा आणि कामाला बोलवायचं. बोलावल्याशिवाय ती यायची नाही. मानी बाई आहे.

यंदा मी गेलोच नाही.

कारण सांगायलाही लाज वाटते. शहापूरकडे धरणासाठी उठवलेली काही कुटुंबं आमच्या गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये येऊन राहिली आहेत. जमीन गेली, घर गेलं... मिळेल ते काम करतात. अडलेला माणूस मजुरीवरून घासाघीस करत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्यातल्या बायका अर्ध्या मजुरीत तयार झाल्या. मी घरी फुशारकी मारली, आणि वर गरजूंना काम दिलं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली!

परवा बघतो तर त्या बायकांच्या हातांना कोपरापर्यंत कापड गुंडाळलेलं. भेंडीची बारीक कुसं उघड्या हाताला फार खाजवतात, म्हणून जनीबाई असंच करते. पण यांना कुणी सांगितलं? जवळ गेलो... आणि कापड ओळखलं. जांभळ्यावर पिवळी फुलं. दिवाळीला आईनं जनीबाईला दिलेली साडी.

विचारलं, तर त्यांच्यातली सुगंधा सहज म्हणाली, "जनीबायनं शेडवर येऊन फाडून दिली. बोलली, बिनघोर जा, त्या घरी कुणाची मजुरी मारत नाय."

मी तसाच मागे फिरलो.

संध्याकाळी वाडीवर गेलो. जनीबाईच्या दाराला कुलूप. शेजारची म्हातारी नाचणी पाखडत होती. तिनं मानही वर केली नाही. "भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली, पोरासोरांना घेऊन. लय वाट बघली तिनं. तुमी हाक माराया आलाच नाय."

काल शेडमधल्या बायकांना मजुरी दिली... ठरलेली अर्धी नाही, जनीबाईला देतो तेवढी. तर सुगंधा म्हणते, जनीबाय बोलली ते खरंच हाय. त्यापेक्षा जनीबाईनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भट्टी नेमकी कुठली, याची चौकशी करतोय. भेटलीच तर तोंड कसं दाखवणार, ते मात्र कळत नाही...

सुगंधाला धरणानं उठवलं. जनीबाईला मी उठवलं.