भंडाऱ्यावरचा हात

तुर्भ्याला आमच्या गावकऱ्यांची एक सामायिक खोली होती. सगळे मार्केटात हमाल. घराण्यातला पहिला बी.ए. असा मी एकटाच. ज्याची ही गोष्ट, तोही त्याच खोलीतला हमाल होता. एड्सचं नाव तेव्हा नुकतं कानावर येऊ लागलं होतं. एका संस्थेच्या बाईंनी शिकवल्यापासून तो तरण्या हमालांना गुप्तरोगाबद्दल सांगत फिरे. भाव ठरवताना दलाल रुमालाखाली बोटं धरतात, तसा तो रुमालाखालून निरोधचं पाकीट सरकवायचा. "घे रं. लाजलास तर मरशील." बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, चपलांकडे बघायचा.

पोरं बिघडवतो, अशी वडीलधाऱ्यांनी ओरड केली. एका रविवारी खोलीचे कारभारी अण्णा यांनी ग्रामदेवाचा भंडारा पुढे केला.

"हात ठेव आन् सांग, त्या गल्लीत कदी गेलो न्हाय म्हनून. मग ऱ्हा."

मला वाटलं, ठेवेल हात. खोली सुटली की शहरात आमच्या माणसाला दुसरा थारा नव्हता.

"गेलतो अण्णा. रोगाच्या सुया घेतल्यात. म्हनून तर पोरं माझं ऐकत्यात."

त्याची वळकटी जिन्यात फेकली. ज्यांच्या खिशांत त्याची पाकिटं होती, ते दाराकडे पाठ करून पत्ते पिसत बसले. त्यांत अण्णांचा मुलगाही होता.

त्या मुलाला रोग जडला तेव्हा दवाखान्यात हाच घेऊन गेला होता. निघताना याने त्यातलं अवाक्षर काढलं नाही. मला ते पुढे त्या मुलानेच सांगितलं, चहा पिता पिता, हसत.