वामनरावांचं खड्ग आणि रुखमाबाई

उमरेड रोडला रुखमाबाईचं लोहारकामाचं दुकान होतं. नवऱ्याबरोबर तिनं तीस वर्षं घण मारला. तो गेल्यावर ऐरणीशी दीर धोंडबा बसला, पण घण तिच्याच हातात राहिला. लोखंडाचा कुठलाही तुकडा हातात आला की तो कशाचा, किती जुना, हे ती सांगायची. अर्थात याला कोणी विद्या म्हणत नाही. विद्येला पेन्शन असते, आणि ती वामनरावांना होती.

वामनराव हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात इतिहाससंशोधक झाले. त्र्याहत्तर साली त्यांच्या घराचा पाया खोदताना गंजलेली पाच हत्यारं निघाली. त्यांनी ती वाचनालयात मांडली, प्रत्येकापुढे सुवाच्य चिठ्ठी ठेवली आणि स्टँड करायला रुखमाबाईला सांगितलं.

स्टँड घेऊन ती आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वामनरावांनी मोठ्या मनानं वाचून दाखवलं, ‘‘योद्ध्याचं खड्ग. वय दोन हजार वर्षं.’’

‘‘साहेब, हे तं वखराची पास हाय, वावरात माती कापाची.’’

‘‘बाई, गंज किती चढलाय तो पाहा!’’

‘‘गंज तं दोन पावसाळ्यातबी चढते. जोड पाहा न.’’ तिनं छिन्नीनं कड खरवडली. गंजाखाली मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक शिवण निघाली. ‘‘हे वेल्डिंग हाय. दोन हजार वर्षांआधी आपल्या इथं लाइट होती काय?’’

पाहायला आलेले चौघे हसले. वामनरावांनी मेमो देताना करायचे तसा चेहरा केला.

कोपऱ्यात ‘भंगार’ अशी चिठ्ठी लावलेली एक चपटी कुऱ्हाड होती. रुखमाबाईनं ती उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

‘‘याले दांड्यासाठी भोकच नाही. आडव्या पट्ट्यांनी दांडा आवळला होता. माझा सासरा असं करत नव्हता, त्याचा बापबी नाही.’’ पट्टीवरून तिनं अंगठा फिरवला. इतकी पातळ पट्टी न तुटता कशी वाकवली असेल, हे तिला कळेना, आणि त्या न पाहिलेल्या लोहाराचा तिला थोडा हेवाच वाटला. ‘‘हे कोणं केलं मले नाही मालूम. पण जुनं हाय ते हेच.’’

दोन महिन्यांनी कॉलेजातले एक तज्ज्ञ आले आणि तेच म्हणाले, फक्त जास्त वेळ लावून. पेपरात छापून आलं: वामनरावांच्या चाणाक्ष नजरेमुळे अमूल्य ठेवा उजेडात. ‘‘मला पहिल्यापासून संशय होताच,’’ असं वामनराव सगळ्यांना नम्रपणे सांगत. ‘भंगार’ ही चिठ्ठी कोणाच्या अक्षरातली होती, हे विचारण्याइतका असभ्य माणूस वाचनालयात नव्हता.

धोंडबा भडकला. ‘‘वयनी, तुह्यं नाव काहून नाही त्यात?’’

‘‘नाव छापल्यानं घण हलका होते काय?’’ ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं घण जरा जोरातच मारला.

पुढच्या आठवड्यात धोंडबा जेवायला गेलेला पाहून वामनराव मागच्या गल्लीतून आले. हातात थैली, थैलीत गंज.

‘‘रुखमाबाई, जरा पाहता का?’’ बाईची रुखमाबाई झाली होती.

‘‘पाहीन न. पयले भाता वढा, इस्तू विझून राहिला.’’

वामनरावांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि भात्यापाशी बसले.