अकरा मिनिटं

रेणुकाच्या घरातला कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, काळा पडदा सावकाश निळा व्हायचा, मग चिन्हं एकेक करून उगवायची. माऊसचा बाण हलायला लागला तरी त्याचा भरोसा नसायचा. रेणुकाला त्याचं काही वाटत नसे. अकरा मिनिटांत आईची कूस बदलून व्हायची, पाठीला पावडर लावून व्हायची, गोळी चुरून चमच्यात कालवून व्हायची.

आईला, चांगुणाबाईला, लकवा मारला त्याला चार वर्षं झाली होती. त्याआधी रेणुका लातुरातच एका डीटीपीच्या दुकानात बसायची. आई अंथरुणाला खिळली तसं तिनं दुकान सोडलं, मालकानं काढून टाकायला ठेवलेला कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आणला आणि क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला लागली. लातुरात क्लासला तोटा नाही आणि क्लासमध्ये परीक्षांना. त्यातल्याच एका क्लासचे रुद्रेश सर हातानं लिहिलेल्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवायचे. ही ते टाइप करून, आकृत्या बसवून परत धाडायची. नवऱ्याशी फारकत होऊन पंधरा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ आनंदराज नांदेडला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायचा.

कॉम्प्युटर दिवसातून पाच-सहा वेळा अडकायचा. पडद्यावरचं चक्र गरगरत राहायचं आणि कुठलीच कळ ऐकायची नाही. मग रेणुका उठून आतल्या खोलीत आईजवळ जाऊन बसायची. आईला बोलता येत नव्हतं, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. ती बोटं धरून रेणुका दारातून पडद्याकडे बघत बसायची.

जानेवारीतल्या एका दुपारी भौतिकशास्त्राचा पेपर सेव्ह करताना तो असाच अडकला. रेणुका आत गेली, आईची बोटं हातात घेतली. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं की बोटं हलत नाहीत. छातीही हलत नव्हती. ती तशीच बसून राहिली. बाहेर पंखा घरघरत होता. मग ती उठली. पेपर सेव्ह झाला होता. तो तिनं रुद्रेश सरांना पाठवून दिला आणि त्यानंतर आनंदराजला फोन लावला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पै-पाहुणे आले, पांढरी लुगडी नेसलेल्या बायका ओसरीभर बसल्या. "रड गं माय, मोकळी हो," म्हणून एकीनं तिचं डोकं छातीशी धरलं. रेणुकानं धरू दिलं. चहाला साखर पुरेल का, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आनंदराज नांदेडला चल म्हणाला, तर ती म्हणाली, "पेपर हायत."

पंधराव्या दिवशी ती पुन्हा कामाला बसली. कॉम्प्युटर पहिल्यासारखाच अडकायचा, पण आता उठून जायला कारण नव्हतं. ती चक्राकडे बघत बसायची. चक्र थांबलं तरी कधीकधी बघतच राहायची. अशात एक पेपर वेळेवर गेला नाही. सकाळीच रुद्रेश सरांचा फोन आला.

"ताई, पोरं हॉलमध्ये बसून राहिलीत. पेपर कुठाय?"

"अडकलंय, सर."

"उद्या आमच्या कॉम्प्युटरवाल्या रविकिरणला धाडतो. दाखवाच आता त्याला."

रविकिरण पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशनं धूळ झाडली, मग खुर्ची ओढून पडद्यावर चालू प्रोग्रामची यादी काढली. बराच वेळ तो नुसता वाचत होता.

"ताई, रॅम चारच जीबी हाय, अन् काही न करता त्यातली नव्वद टक्के भरलेली. ह्ये लग्नपत्रिकेचं सॉफ्टवेअर तुम्ही वापरता?"

"न्हाई. ते दुकानातलं."

"अन् प्रिंटर?"

"प्रिंटर दुकानातच राहिला."

"तरी ही सगळी मंडळी मशीन लावलं की आपली आपली उठून बसतात. रॅम म्हंजी ओटा धरा, अन् डिस्क म्हंजी माळा. ओट्यावर जागा उरली न्हाई की ह्यो एकेक भांडं माळ्यावर नेऊन ठेवतो. लागलं की पुन्हा शिडी लावतो. दिवसभर ह्यो शिडीवरच हाय."

"म्हणून अडकायचं?"

"हाव. चार वर्षं कसं काम केलं ह्याच्यावर? कधी दाखवलं न्हाई कुणाला?"

रेणुकानं आतल्या खोलीकडे बघितलं. "तसं काही अडलं नव्हतं," ती म्हणाली.

त्यानं नको ते प्रोग्राम काढून टाकले, आठ जीबीची पट्टी वाढवली, जुनी डिस्क काढून तळहातात मावेल अशी नवी बसवली. संध्याकाळपर्यंत तिच्या फायली नव्या डिस्कवर चढवल्या आणि बटण दाबलं. घड्याळ धरून म्हणाला, "अठरा सेकंद!" आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

"बरं झालं," रेणुका म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबून ती सवयीनं आतल्या खोलीत गेली. खाट आनंदराजनं भिंतीला उभी करून ठेवली होती. ती परत फिरली तर पडदा तयार होता. दिवसभराचं काम अकरा वाजताच संपलं. पुढं काय करावं ते तिला सुचेना. बसून बसून पाय बधिर व्हावा आणि तो आपलाच आहे हे हात लावूनच कळावं, तसं झालं होतं. फरक इतकाच की मुंग्या काही येत नव्हत्या. तिनं सरांना फोन करून आणखी काम मागितलं. मग औशाच्या एका क्लासचंही घेतलं. काही अडकत नव्हतं म्हणून ती उठत नव्हती. जेवण चार-चार वाजेपर्यंत लांबायचं, कधी राहूनच जायचं.

एप्रिलमध्ये आनंदराज न कळवता आला, तिला बघितलं आणि म्हणाला, "पिशवी भर." तिनं भरली. अहमदपूर, लोहा करत दोघं दुपारी नांदेडला पोचले.

भावजय प्रियदर्शनी शिक्षिका होती, सकाळची शाळा करून घरी आलेली. तिनं ताट वाढलं, अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी, आणि समोर बसली.

"ताई, मीठ बरोबर हाय ना?"

"कळत न्हाई."

"म्हंजी?"

"मला चवच लागत न्हाई गं. आई गेल्यापासून."

प्रियदर्शनी रड म्हणाली नाही, की डॉक्टरकडे जाऊ म्हणाली नाही. तिनं तव्यावरची दुसरी भाकरी आणून अर्धी रेणुकाच्या ताटात घातली, अर्धी आपण घेतली.

"आठ दिवस ऱ्हावा."

"सरांना काय सांगू?"

"न्हाई म्हणून सांगा."

जेवण झाल्यावर रेणुकानं सरांना फोन लावला. आठ दिवस पेपर होणार नाहीत, एवढंच सांगितलं. तिकडून ते बोलतच होते, तिनं फोन ठेवला. प्रियदर्शनीनं कूलर लावून दिला. रडू तर काही आलं नाही. पण चटईवर पडल्या पडल्या रेणुकाचा डोळा लागला, आणि आनंदराजची मुलं शाळेतून आली, भांडी वाजली, दिवस कलला, तरी ती उठली नाही.