पाखंड्याचं घर

माझ्या वडिलांना नावं ठेवायला एक भाषा कधी पुरली नाही. कर्नाटक सीमेवरच्या आमच्या भालकीतले मराठी लोक त्यांना पाखंडी म्हणत, शेजारची चाची 'बेदीन' म्हणायची आणि कानडी ठेकेदार लाडानं 'हुच्चा', म्हणजे येडा. अप्पा गवंडी होते. अमावास्येला बिनदिक्कत पाया खणायचे. कुणी मुहूर्त विचारला की आभाळाकडं बघून "ऊन हाय, म्हंजी मुहूर्त हाय," म्हणायचे. आमच्या दाराला ना लिंबू-मिरची, ना घोड्याची नाल. इतरांच्या घरात जिथं देवाचा फोटो असतो, तिथं आमच्या खिळ्याला अप्पांचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा लोलक, लटकत असे.

लहानपणी मला याची मजा वाटायची. लग्नाचं वय झालं तशी मजा गेली. आमच्याकडं पाहुणे थेट घरी येत नाहीत. आधी बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा घेतात आणि घराणं कसं आहे ते काढून घेतात. उदगीरचे पाहुणे तिथूनच परत गेले, लातूरचेही. "त्या पाखंड्याची पोरगी व्हय?" एवढ्यावर माझी सोयरीक मोडायची. दोन्ही वेळा पाहुण्यांसाठी केलेला चुरमुऱ्यांचा सुसला आई, अप्पा आणि मी अशा तिघांनीच संपवला. अप्पांनी तर बोटं चाटून. खरं सांगते, मला त्यांचा राग राग यायचा.

तिसरं स्थळ दुबलगुंडीचं होतं. या मुलाला मी एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढणारे सगळे ताटात ढकलत होते, हा एकटाच थांबून "पुरे का?" म्हणाला. मला तेवढं पुरे होतं. हे स्थळ काही मी हातचं जाऊ देणार नव्हते.

ते यायच्या दिवशी सकाळी मी अप्पांपुढं लिंबू-मिरची धरली.

"एक दिस, अप्पा. एकच दिस माणसावानी वागा."

आईनं हातातलं काम थांबवलं. अप्पांनी त्या दोऱ्याकडं बघितलं, स्टूल ओढलं, वर चढले आणि स्वतःच्या हातानं तो चौकटीला बांधला. मग ओळंबा काढून कपाटात ठेवला आणि आत्याकडून आणलेला लक्ष्मीचा फोटो त्या खिळ्याला लावला.  भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अकराच्या सुमाराला खिडकीतून पाहुणे दिसले. मुलगा, त्याची आई आणि मामा. हॉटेल ओलांडून आलेले हे पहिलेच! माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच मुलाच्या आईनं मान वर करून चौकट बघितली आणि मागं वळली.

"चला. हे घर न्हाई."

"हॉटेलवाल्यानं तर हेच सांगितलं की, अक्का," मामा म्हणाला.

"त्यो पाखंडी गवंडी दाराला लिंबू कशाला बांधंल? हे दुसऱ्या कुनाचं तरी असंल. कामून उगं लोकांच्या दारात थांबायलाव?"

आणि निघाले की तिघंही गल्लीच्या तोंडाकडं!

मीच माझं लग्न दाराला टांगलं होतं. नेसवलेली साडी सावरायचंही भान राहिलं नाही. बाहेर धावले, तो दोरा ओढून तोडला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "ओ मावशी! हेच घर हाय! पाखंड्याचंच हाय!"

हा शब्द मी जन्मात तोंडातून काढला नव्हता. चाची दारात येऊन उभी राहिली. मुलगा वळून हसला.

घरात आल्यावर मुलाची आई बसलीच नाही. अप्पांकडं बघत उभी राहिली.

"वळखलं का, अण्णा? याचा बाप गेला आन तिसऱ्या दिवशी आमची मागची भिंत बसली. पावसाचे दिस, लेकरं एवढी एवढी. सुतकाच्या घरात एक गवंडी थापी धरंना. मग कुनीतरी म्हनलं, भालकीला एक पाखंडी हाय, त्यो येईल. भर अमावास्येला आलात तुमी. त्या गडबडीत नाव इचारायचं राहिलं. आज हॉटेलात त्यो शब्द ऐकला आन माझ्या मनात सोयरीक तिथंच पक्की झाली."

अप्पा लाजले. 

"भिंत उभी हाय का?" एवढंच विचारलं.

"हाय की!"

इतक्या दिवसांचं ओझं उतरलं आणि मला उभ्या उभ्याच हसू यायला लागलं. अप्पांनी माझ्या मुठीतला तो दोरा घेतला, लिंबू सोडवलं आणि सरबतासाठी आईकडं दिलं. मग माझ्याजवळ येऊन, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "बाई, आता ओळंबा लावू का जागेवर?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिळ्यासाठी ते मला विचारत होते. मी "व्हय" म्हणाले आणि पाहुण्यांसमोरच रडले.